चौदा दिवसांच्या गोळ्या आणि शेतातली खोपी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

यावल तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. गावापासून दीड किलोमीटरवर, कालव्याला लागून त्यांची केळीची बाग आहे. बागेतल्या खोपीत सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेलं सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं) कुटुंब राहतं: नवरा, बायको, सात वर्षांचा मुलगा आणि चार महिन्यांचं तान्हं बाळ. आखाजीला (अक्षय तृतीयेला) साल ठरलं, उचल दिली. श्रावणात हे कुटुंब चार दिवस पाड्यावर जाऊन आलं. परत आलं तेव्हा मुलाच्या अंगात ताप होता. मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांनी तो उतरला. त्यानंतर आठव्या दिवशी, पोळ्याच्या सुमाराला, ताईंच्या यजमानांना थंडी वाजून ताप भरला. रक्त तपासलं, कागदावर ‘व्हायवॅक्स’ हा मलेरियाचा प्रकार आला. तीन दिवसांत ताप गेला. सोबत चौदा दिवस घ्यायच्या गोळ्या होत्या, त्या पोटात जळजळतं म्हणून चौथ्या दिवशी सोडल्या. दिवाळीत, वसुबारसेला, पुन्हा तसाच ताप. या वेळी खासगी दवाखान्यात सलाईन, इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या. रिपोर्टात मलेरियाबरोबर टायफॉईडही. आठवडा होत नाही तो आठ वर्षांच्या मुलीला ताप आला. आशाताईंनी पट्टीवर तपासलं, तोच मलेरिया. तिच्या गोळ्यांचा आज पाचवा दिवस आहे आणि तिचंही पोट दुखतंय. घरात जाऊबाईंना पाचवा महिना आहे. सासूबाई आणि भाऊबंद म्हणतात, खोपी मोडा, सालदाराला काढा, आजार त्यांनीच आणला. दिरांनी कपाशीवरचं औषध घरात आणि खोपीत फवारलं आहे. यजमान आठवड्याआड रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला शेतात जातात. ताई विचारतात: “त्या माणसांना मधेच काढणं मनाला पटत नाही. पण माझं लेकरू आधी. काय करू?”

उत्तर

ताई, सालदाराचा प्रश्न दोन दिवस थांबू शकतो. मुलीच्या गोळ्या थांबवू नका, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

व्हायवॅक्स मलेरियात दोन औषधं असतात आणि त्यांची कामं वेगवेगळी आहेत. पहिलं क्लोरोक्वीन, तीन दिवसांचं. ते रक्तातले जंतू मारतं, म्हणून ताप उतरतो. दुसरं प्रायमाक्वीन, चौदा दिवसांचं. ते यकृतात दडून बसलेले जंतू मारतं. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात शिरले की तिथेच निपचित पडून राहतात. ताप नाही, दुखणं नाही, रक्ताच्या तपासणीतही दिसत नाहीत. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्यातले काही जागे होऊन रक्तात येतात आणि माणूस पुन्हा थंडीने कुडकुडतो. त्यासाठी नवीन डास चावावा लागत नाही. तुम्ही शेतकरी आहात, लव्हाळा तुम्हाला ठाऊक आहे: वरचं गवत कापलं तर रान चार दिवस स्वच्छ दिसतं, गाठी जमिनीत असतात. क्लोरोक्वीन वरचं कापतं. गाठी काढायचं काम प्रायमाक्वीनचं, आणि त्याला चौदा दिवस लागतात.

मुलगी आठ वर्षांची आहे. सरकारी तक्त्यानुसार पाच ते आठ वर्षांच्या मुलांना क्लोरोक्वीन पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी एक गोळी, आणि प्रायमाक्वीन अडीच मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, चौदा दिवस. पाकिटावर तेवढंच लिहिलंय का ते आशाताईंसमोर एकदा पडताळून घ्या. यजमानांच्या उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून तिला देऊ नका. त्या गोळ्या जास्त ताकदीच्या असू शकतात.

पोटदुखीचं कारण बहुतेक वेळा रिकामं पोट असतं. सकाळी शाळेच्या घाईत, चहावर गोळी दिली की जळजळ, मळमळ, कधी उलटी. जेवणाची वेळ धरा. वरण-भात किंवा दूध-भाकरी पोटभर खाऊ द्या, मग गोळी आणि भांडंभर पाणी. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात राहिली नाही असं समजून आशाताईंना विचारून पुन्हा द्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या गोळ्या एकदम देऊ नका. क्रम पुढे चालू ठेवा आणि चौदा मात्रा पूर्ण करा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज फुली मारा. घरात तापाची धावपळ असताना “आज दिली का?” हे कुणालाच खात्रीने आठवत नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची. लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, ओठ-नखं निळसर झाली, धाप लागली, तर प्रायमाक्वीन तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. काही माणसांच्या तांबड्या पेशींत ‘जी सिक्स पी डी’ नावाचं एक द्रव्य जन्मापासून कमी असतं; त्यांच्यात या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. हा दोष आईवडिलांकडून येतो, मुलग्यांत जास्त दिसतो, आणि कुठल्याही जातीजमातीच्या घरात असू शकतो. साध्या पोटदुखीत आणि या लक्षणांत फरक आहे. पोटदुखीसाठी औषध सोडायचं नाही, गडद लघवी दिसली तर एक गोळीही पुढे द्यायची नाही.

आता यजमान. पोळ्याला व्हायवॅक्स, चौदा दिवसांचं औषध तीन दिवसांत सोडलं, आणि साधारण दोन महिन्यांनी पुन्हा तोच ताप. ही गोष्ट इतकी नेमकी जुळते की दिवाळीचा ताप त्यांच्या स्वतःच्या यकृतातून उठला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. क्लोरोक्वीन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे ते घेतलेल्या माणसात उलटलेला ताप बरेचदा असाच दीड-दोन महिन्यांनी डोकं वर काढतो. आणि दिवाळीतही फक्त तीन दिवसांच्याच गोळ्या मिळाल्या. म्हणजे गाठी अजून तिथेच आहेत.

त्यांना ताप नसला तरी याच आठवड्यात दोन्ही वेळचे कागद घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: “दोनदा व्हायवॅक्स झाला, प्रायमाक्वीन एकदाही पूर्ण झालं नाही.” हे एक वाक्य त्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा कामाचं आहे. मोठ्या माणसाची मात्रा रोज पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे साडेसातच्या दोन गोळ्या किंवा अडीचच्या सहा, चौदा दिवस, जेवणानंतर. पहिल्या वेळी गोळ्या सोडल्या तेव्हा फक्त जळजळ होती की लघवीचा रंगही बदलला होता, हे त्यांना नीट आठवायला सांगा. रंग बदलला असेल तर आधी जी सिक्स पी डी तपासणी. ती जळगावला होऊ शकते. दोष निघाला तरी उपाय आहे: डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे अशी मात्रा देतात. तो निर्णय डॉक्टरांचा.

रिपोर्टातल्या टायफॉईडबद्दल इतकंच: आपल्याकडे तापात जी विडाल तपासणी करतात ती एकटी, एकदाच केलेली असेल तर तिच्यावर फार विसंबता येत नाही. पूर्वी कधीतरी झालेल्या संसर्गामुळे, दुसऱ्या तापामुळेही ती वर दिसू शकते. ‘दोन्ही निघालं’ असं ऐकलं की घरातले टायफॉईडचं पथ्य पाळतात आणि मलेरियाच्या गोळ्या मागे पडतात. सलाईन तर मलेरियाचं औषधच नाही. पाणी पोटात टिकत नसेल तर ते लागतं, एरवी नाही.

आता सालदार. तुमच्या घरातला निष्कर्ष असा, की मुलगा पाड्यावरून ताप घेऊन आला आणि आठव्या दिवशी यजमान पडले, म्हणून आजार त्या मुलाचा. ताई, हे गणित जुळत नाही. मलेरिया माणसाकडून माणसाला हवेतून, ताटातून, शेजारी बसून लागत नाही. डास आजारी माणसाला चावला, की जंतू डासाच्या पोटात वाढून त्याच्या लाळेत उतरायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत साधारण दहा दिवस तरी लागतात. तोवर तो डास कितीही जणांना चावला तरी मलेरिया देत नाही. त्यानंतर तो तुमच्या यजमानांना चावला तरी व्हायवॅक्सचा ताप यायला आणखी साधारण बारा ते सतरा दिवस. बेरीज करा. मुलाचा ताप आणि यजमानांचा ताप यांच्यात कमीत कमी तीन आठवड्यांचं अंतर हवं, तुम्ही लिहिताय आठ दिवस. तो मुलगा पाड्यावरून परत येण्याच्या आधीच डास यजमानांना चावून गेला होता. हाच हिशोब मुलीलाही लावा: वडील वसुबारसेला आजारी पडले आणि आठवड्याच्या आत ती पडली, म्हणजे तिने वडिलांकडून ‘घेतला’ तो दिवाळीतला ताप नव्हे. पोळ्याच्या तापातून एखादा डास घरातच तयार झाला असेल, किंवा दुसऱ्याच कुठल्या घरातून आला असेल.

मलेरियाचे जंतू डोंगरातून कधी माणसांबरोबर खाली येतात, हे मी नाकारत नाही. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यापासून आपल्या बाजूच्या पाड्यांपर्यंत सातपुड्यात हा आजार जुना आहे, आणि तिथे वारंवार मलेरिया होऊन गेलेल्या मोठ्या माणसांच्या रक्तात ताप नसतानाही जंतू असू शकतात. पण आज तुमच्या शेतावर ज्यांच्या रक्तात मलेरिया कागदावर सिद्ध झालाय अशी माणसं दोनच आहेत आणि दोन्ही तुमच्या घरातली आहेत. खोपीतल्या एकाचंही रक्त अजून कुणी तपासलेलं नाही. मुलाचा ताप मेडिकलच्या गोळ्यांनी उतरला, तो मलेरिया होता की साधा सर्दीचा, हे कुणालाच माहीत नाही. आणि जंतू असतीलच, तर कालव्याच्या पाझराशेजारी कुडाच्या भिंतीत मच्छरदाणीशिवाय झोपणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका तुमच्या लेकीपेक्षा जास्त आहे.

समजा, तुम्ही उद्या खोपी मोडली. ते कुटुंब तपासणी न होता दुसऱ्या शिवारात जाईल. उचल त्यांच्या डोक्यावर राहील, तुमचे पैसे अडकतील. बागेत काम तर आहेच, म्हणून पंधरा दिवसांत नवीन मजूर येईल, बहुतेक त्याच डोंगरातून, आणि त्याचंही रक्त कुणी तपासलेलं नसेल. कालवा तिथेच, डास तिथेच. यजमानांच्या यकृतातले जंतूही तिथेच. थंडी सरल्यावर त्यांना तिसरा ताप आला तर तेव्हा दोष कुणाला द्यायचा? खोपी गावाकडे किंवा बांधाच्या पलीकडे हलवूनही विशेष फरक पडत नाही, कारण मलेरियाचा डास एक-दोन किलोमीटर सहज उडतो. तुमचं घर दीड किलोमीटरवर आहे.

दुसरा रस्ता, सगळं आहे तसं चालू ठेवायचं आणि सासूबाईंचं बोलणं ऐकून घ्यायचं. तोही चुकीचा. सासूबाईंची भीती खरी आहे, फक्त ती ज्या दिशेने बोट दाखवते ती दिशा चुकली आहे.

मला योग्य वाटतो तो मार्ग असा. आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या आरोग्य सेवकांना सांगा की एका शेतावर दोन रुग्ण निघालेत, घरातल्या आणि खोपीतल्या सगळ्यांचं रक्त एकाच दिवशी घ्या. रुग्ण निघाला की आजूबाजूच्यांची तपासणी करणं हे त्यांच्या कामातच आहे आणि ते मोफत आहे. सगळ्यांचं म्हणजे ताप नसलेल्यांचंही, सासूबाई आणि दीर धरून. तुमच्या घरातले आधी बोटं पुढे करतील तर खोपीतल्यांना हा संशयाचा प्रकार वाटणार नाही. त्या दिवसाची मजुरी कापू नका. पट्टीचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत कळतो. तरीही काचपट्टीवर थेंब घ्यायला सांगा, कारण काचपट्टीत जंतूची जात आणि संख्या दोन्ही दिसतात. पट्टीवर फाल्सिपेरमची (मलेरियाच्या जास्त धोकादायक जातीची) रेघ तर बरं झाल्यावरही काही आठवडे उमटत राहू शकते.

सालदाराला व्हायवॅक्स निघाला तर त्यालाही चौदा दिवस. गोळी रोज शेतात कामाला लागण्याआधी, भाकर खाऊन, तुमच्यापैकी कुणाच्या तरी समोर. यात अविश्वास नाही. समोर घेतलेली गोळी हीच पूर्ण होते, हे यजमानांच्या अनुभवावरून तुम्हाला कळलंच आहे. मधेच पाड्यावर जावं लागलं तर उरलेल्या गोळ्या पाकिटासह सोबत द्या. त्याच्या बायकोचं बाळ चार महिन्यांचं आहे. ती अंगावर पाजते, म्हणून तिला क्लोरोक्वीन चालतं, पण प्रायमाक्वीन आत्ता नाही. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर तिची आठवण तुम्हालाच ठेवावी लागेल. वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्वीन देतच नाहीत. त्या बाळाला ताप आला तर घरगुती काही करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

फाल्सिपेरम निघाला तर औषधं वेगळी: आर्टेसुनेट तीन दिवस, पहिल्या दिवशी त्याबरोबर दुसरी गोळी, आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्वीनची एकच मात्रा. व्हायवॅक्सच्या उरलेल्या गोळ्या त्यात चालत नाहीत. फाल्सिपेरममध्ये माणूस एका दिवसात हाताबाहेर जाऊ शकतो. बरळणं, झटके, गुंगी, धाप, पाणीही पोटात न टिकणं, लघवी काळी किंवा फार कमी होणं, यातलं एक दिसलं तरी सकाळची वाट न बघता ग्रामीण रुग्णालय.

जाऊबाईंचं रक्त त्याच दिवशी घ्या. गरोदरपणात मलेरिया झाला तर आईचं रक्त झपाट्याने कमी होतं, बाळ कमी वजनाचं होतं, गर्भपाताचीही भीती असते. व्हायवॅक्स निघाला तर त्यांना क्लोरोक्वीन देतात, ते या काळात सुरक्षित आहे. प्रायमाक्वीन मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. घरात तीन जणांची पाकिटं एका कोनाड्यात पडलेली असतील तर आजच वेगळी करा आणि प्रत्येकावर नाव लिहा. ताप आला तर थेट आरोग्य केंद्रात, “गरोदर आहे” हे पहिल्याच वाक्यात सांगून.

दिरांना कृपा करून थांबवा. कपाशीवरचं औषध राहत्या घरासाठी नाही. त्यातली काही औषधं श्वासातून आणि कातडीतून अंगात जातात, आणि तुमच्याकडे एक तान्हं आणि एक गरोदर बाई आहे. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, भांडी साबणाने धुवा, अंथरूण-गोधड्या धुऊन उन्हात टाका, उघडं राहिलेलं धान्य-पीठ वापरू नका, हातमोजे घालून फरशी पुसा. खोपीची जमीनही विसरू नका, बाळ तिथेच झोपतं. कुणाला उलट्या, तोंडाला लाळ, घाम, धाप असं काही झालं तर औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

भिंतीवर फवारणी करायचीच असेल तर आरोग्य विभागाची करून घ्या. ते औषध भिंतीला चिकटून अडीच-तीन महिने काम करतं. रक्त पिऊन भिंतीवर टेकलेला डास तिथे मरतो. पण आपल्याकडे एक चूक हमखास होते. फवारणी होते आणि सणाच्या तोंडावर बायका भिंती सारवतात, औषध मातीखाली जातं. सारवण आधी, फवारणी नंतर, आणि मग निदान अडीच महिने भिंतीला हात नाही. देवघर आणि गोठा सोडू नका. गोठा तर मुळीच नाही, कारण आपल्या भागातला मलेरियाचा मुख्य डास गुरांचं रक्त पसंत करतो आणि तिथेच विसावतो. ग्रामपंचायतीचं धुराचं मशीन त्या संध्याकाळी उडणारे डास मारतं, एवढंच. त्याच्या भरवशावर राहू नका.

आता पाणी, आणि इथे तुमच्या हातात खूप काही आहे. गावात मलेरिया म्हटलं की लोक गटार साफ करतात. गटार जरूर साफ करा, पण तिथे वाढतो तो दुसरा डास, क्युलेक्स. मलेरियाच्या ॲनॉफेलिसला स्वच्छ, संथ, ऊन लागणारं पाणी लागतं. केळीच्या पानांच्या बेचक्यात साचणाऱ्या पाण्याला लोक दोष देतात. त्यात हा डास सहसा वाढत नाही. बागेची दाट ओलसर सावली त्याला दिवसा लपायला बरी पडते, म्हणून बागेत डास दिसतात. त्यांचा जन्म दुसरीकडे झालेला असतो.

आठवड्यातला एक वार ठरवा आणि हातात पांढरी वाटी घेऊन शेतावर फिरा. कालव्याच्या पाझराने साचलेली डबकी, पावसाळा संपल्यावर नाल्यात उरलेलं संथ पाणी, ठिबकचा फिल्टर धुतल्याचं पाणी (बॅकवॉश) जिथे सोडता तो खड्डा, ठिबकच्या नळ्यांची (लॅटरलची) टोकं उघडून धुता तिथली तळी, गळका व्हॉल्व्ह, सिमेंटचा हौद, शेततळ्याच्या काठचं शेवाळ, विहीर. वाटीत पाणी घ्या आणि क्षणभर स्थिर धरा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असेल तर ती ॲनॉफेलिसची. डोकं खाली करून तिरपी लटकत असेल तर क्युलेक्स किंवा डेंग्यूच्या डासाची. हे एकदा डोळ्यांना कळलं की कुठे मेहनत करायची ते आपोआप समजतं.

अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा पाणी मोडलं की साखळी तुटते. पाझराच्या डबक्यांना कुदळीने चारी काढून वाहतं करा. बॅकवॉशचं पाणी नळीने थेट ओळीत सोडा. हौद आठवड्यातून एकदा कोरडा करून काठ घासा, नुसतं पाणी बदलून अळ्या जात नाहीत. विहिरीत आणि शेततळ्यात गप्पी मासे सोडा, ते आरोग्य विभागाकडून मिळतात. शेवाळ काढलं नाही तर मासे अळ्यांपर्यंत पोचत नाहीत. खत मिसळायच्या टाकीत मासे मरतात, तिथे झाकणच हवं. जिथे यातलं काहीच जमत नाही तिथे आरोग्य सेवकांकडून अळीनाशक टाकून घ्या. कालव्याच्या कडेचा पाझर एकट्याच्या शेतापुरता नसतो. शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून अर्ज दिला तर जास्त चालतो.

मच्छरदाण्या औषध लावलेल्याच घ्या. खोपीसाठी दोन: एकीत आई, बाप आणि बाळ, दुसरीत मुलगा. घरात जाऊबाईंना पहिली. नवी मच्छरदाणी एक दिवस सावलीत टांगून मग वापरायची. धुवायची ती साध्या साबणाने, गार पाण्यात, आणि वाळवायची सावलीत; कडक पावडर आणि ऊन दोन्ही औषध घालवतात. खोपीत खिळे नसतात, तेव्हा बाजेच्या चार पायांना चार बांबू बांधून दाणी लावा आणि कडा अंथरुणाखाली खोचा. उन्हाळ्यात अंगणात, खळ्यात झोपताना ती तशीच बाहेर येते. मच्छरदाणी देऊन विसरू नका, आठवड्याभराने लावलेली आहे का ते बघा.

यजमानांचं रात्रीचं जाणं हे मला या सगळ्यात दुर्लक्षित वाटलं. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. रात्रीच्या लाईटला मोटर चालू करून पाणी पूर्ण होईपर्यंत ते बांधावर बसत असतील, तर घरातल्या मच्छरदाणीचा त्यांना काय उपयोग? पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पॅन्ट, पायात मोजे-बूट, आणि उघड्या अंगाला ओडोमॉससारखं मलम. मोटरला ऑटो स्टार्टर असेल तर रात्रीच्या कितीतरी फेऱ्या वाचतील. शेतावर झोपायचंच असेल तर तिथेही एक मच्छरदाणी.

तुम्ही हे पत्र बऱ्या वेळी लिहिलंत. खानदेशात थंडी पडली की डासाच्या पोटात जंतूची वाढ मंदावते, आणि पारा सोळाच्या खाली राहिला तर व्हायवॅक्सची वाढ पूर्ण होत नाही. या दिवसांत आजार डासांपेक्षा माणसांच्या यकृतात जास्त टिकून असतो. आत्ता सगळ्यांचे चौदा दिवस पूर्ण झाले तर उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसाला तुमच्या शेतावर डासाला उचलायला जंतू सापडण्याची शक्यता फार कमी राहील. अर्धवट सोडलेल्या कामाची किंमत देशाने एकदा मोजली आहे: 1953 पासूनच्या मोहिमेने 1965 पर्यंत रुग्ण वर्षाला लाखाच्या आसपास आणले होते, लक्ष सैल झालं आणि 1976 साली ते चौसष्ट लाखांवर गेले.

सासूबाईंशी बोलताना सालदाराची बाजू घेऊन सुरुवात करू नका. त्यांना नात आणि सुनेच्या पोटातलं बाळ दिसतंय, तिथूनच बोला. “आई, यांच्या गोळ्या अर्ध्या राहिल्या म्हणून ताप परत आला. सगळ्यांचं रक्त तपासून घेऊ, निघेल त्याला पूर्ण औषध देऊ” हे त्यांना पटेल. दिवसांचा हिशोब आशाताईंच्या तोंडून ऐकवा; सुनेने सांगितलेलं आणि बाहेरच्या बाईने सांगितलेलं यात घरात फरक पडतो, तो तुमच्या बाजूने वापरा. सालदाराशी मात्र तुम्ही किंवा यजमानांनी स्वतः बोला. त्याच्या कानावर खोपी मोडायची भाषा गेली असेलच, आणि घाबरलेला माणूस ताप लपवतो. “ताप आला तर लगेच सांग, त्यासाठी काम जाणार नाही,” असा शब्द द्या आणि तो पाळा.

एवढं करूनही तुमच्या घराला हे कुटुंब नकोच असेल, तर साल आखाजीला संपतं तेव्हा हिशोब चुकता करून मोकळे व्हा. मधेच, तापाचं कारण सांगून नको. आणि नवीन सालदार ठरवाल तेव्हा, तो कुठूनही आलेला असो, उचल देण्याच्या आठवड्यातच त्याच्या कुटुंबाचं रक्त तपासून घ्या आणि खोपीत मच्छरदाण्या आधी लावा.

यजमानांचे चौदा दिवस संपल्यावर पुढच्या वर्षभरात कधीही थंडीताप आला, तर अंगावर काढू नका आणि मेडिकलवरून गोळी आणू नका. त्याच दिवशी काचपट्टी, आणि आधीचे सगळे कागद सोबत. प्लास्टिकच्या एका पिशवीत ते आत्ताच एकत्र ठेवून द्या.